अडुसष्ट किलो

“बसलीस का नीट?” मिस्त्रीने मागच्या चाकापाशी आडवं पडूनच विचारलं.

“बसले कशीबशी. गुडघे हनुवटीला लागलेत. ही गाडी माणसांसाठी केलीय की मांजरांसाठी, ते तुमच्या सरांना विचारा.”

सर बाहेर उभे होते. ते हसले. “वहिनी, मागची सीट नावालाच असते या गाड्यांना.”

“तरी बरं, नावापुरती का होईना, आहे. नाहीतर मला डिकीत घातलं असतं यांनी.”

मिस्त्रीचं दुकान टायरचं. दुकानाच्या मागच्या भिंतीला लागूनच दोन खोल्यांचं घर, आणि घराच्या दारातून हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावर बायको. कोणी हौशी माणूस गाडी खाली बसवून रुंद चाकं घालायला आला, की मिस्त्री टायर चढवायचा, मडगार्डच्या आतल्या कडेला पोरांच्या खेळण्यातली रंगीत माती अंगठ्याएवढी जाड थापायचा आणि मागे वळून हाक मारायचा, “अगं, ये गं!” मग ती हात पुसत यायची आणि मागच्या सीटवर बसायची. मालक गाडी हळूहळू लाकडी फळीवरून न्यायचा, आधी डावं चाक, मग तिने जागा बदलली की उजवं. गाडी दबली की टायर मातीत रुतायचा. मिस्त्री उरलेली माती सुरीने कापून जाडी मोजायचा. पाच मिलिमीटरपेक्षा पातळ निघाली तर टायर बाद, मग मालकाने कितीही गयावया करो.

सव्वीस वर्षं हेच चाललं होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी तिने विचारलं होतं, मीच का? पोतं ठेवा. मिस्त्री म्हणाला होता, पोतं बोलत नाही. आतून कुठे घासल्याचा आवाज आला तर तू सांगशील. एवढ्या वर्षांत ती किती गाड्यांत बसली असेल याची गणती नव्हती. स्वतःची गाडी काही त्यांना कधी घेता आली नाही, आणि त्याबद्दल ती अधूनमधून टोमणा मारायचीच.

“किती आहेस?” मिस्त्रीने नेहमीप्रमाणे विचारलं.

“अडुसष्ट. आणि परक्या माणसासमोर बाईला वजन विचारू नये, हे सव्वीस वर्षांत शिकला नाहीत.”

सर शाळेत गणित शिकवायचे. ही वीस वर्षं जुनी, दोन दारांची स्पोर्ट्‌स गाडी त्यांनी अर्ध्या आयुष्याची हौस म्हणून घेतली होती आणि घेतल्या घेतल्या चाळीस मिलिमीटरने खाली बसवली होती. आता त्यांना मूळच्यापेक्षा दीड इंच रुंद रिम हवी होती आणि तिच्यावर दोनशे पासष्ट मिलिमीटर रुंदीचा टायर. या मापाने चाक एकोणतीस मिलिमीटर बाहेर येणार होतं. सरांच्या हातात चौकोनी वहीचा कागद होता. त्यावर सगळी मापं मांडलेली होती.

“मिस्त्री, माझ्या कागदानुसार मागे माणूस बसला की जागा पुरत नाही. तीन मिलिमीटर कमी पडतात.”

“सर, कागद गाडीत बसत नाही. माणूस बसतो. हातच्या कांकणाला आरसा कशाला? घ्या गाडी फळीवर.”

गाडी फळीवरून गेली, उतरली. मिस्त्रीने माती कापली. सहा मिलिमीटर. उजवीकडेही सहा. त्याने मातीची ती चकती सरांच्या तळहातावर ठेवली आणि सर खुलले. त्यांना हवं होतं तेच उत्तर आलं होतं. मिस्त्री एरवी एवढ्या रुंद टायरला सहसा हो म्हणायचा नाही, पण मातीने हो म्हटल्यावर त्याचाही नाइलाज झाला.

एक गोष्ट त्याच्या लक्षात आली होती. बायको गाडीत बसली की गाडी मागून ‘कुंई’ करायची. कोणतीही गाडी असो. यावरून दोघांची थट्टा चालायची. त्या दिवशी आवाज आला नाही. सरांनी स्प्रिंगा चांगल्या टाकल्यात, असं तो स्वतःशी म्हणाला. मग तिला उतरायला हात दिला. तो हात त्याने नेहमीच्या जोराने ओढला आणि ती एकदम बाहेर आली, जवळजवळ त्याच्या अंगावरच.

ती आजारी होती. वर्ष झालं होतं. पोटाचं दुखणं होतं, नाव मोठं होतं, आणि ते नाव घरात कोणी घेत नव्हतं. दर पंधरा दिवसांनी तो तिला दवाखान्यात न्यायचा. आत ती एकटी जायची. तिथे पहिल्यांदा वजन करतात हे मिस्त्रीला माहीत होतं, म्हणूनच तो बाहेर थांबायचा. कधी कोणाच्या गाडीचे टायर बघत, कधी नुसताच. बाहेर आल्यावर तो विचारायचा, “काय म्हणाले?” ती म्हणायची, “तेच. वेळ लागेल.” मग दोघं बसने घरी यायची. ती कपडे उसवून आत घ्यायची ते तो दुकानात असताना. अंगावर उन्हाळ्यातही स्वेटर असायचा. तिने ताकास तूर लागू दिली नाही हे खरं. पण त्याने डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं, हे जास्त खरं.

तीन आठवड्यांनी सरांची गाडी टोइंगच्या ट्रकवर चढून आली.

सर पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेले. उतरले आणि मागच्या चाकाकडे बोट दाखवलं. मागचा डावा टायर फाटून चिंध्या झाला होता. त्याच्या बाहेरच्या कडेवर गोल चर पडला होता, सुरीने कोरावा तसा, आणि चरातून तारा दिसत होत्या. मिस्त्रीला पुढचं सांगायची गरज नव्हती. मडगार्डची कड फिरत्या टायरला दिवसेंदिवस कापत राहिली होती.

“आईला रोजच्यासारखं घेऊन जात होतो,” सर म्हणाले. “पुढे बसायला ती घाबरते. मागे, डावीकडे बसली होती. मोठ्या रस्त्यावर टायर फुटला. गाडी फिरली आणि दुभाजकाला धडकली.”

“आई?”

“गळ्याजवळचं हाड मोडलंय. खांदा बांधलाय. डॉक्टर म्हणाले, जिवावरचं खांद्यावर निभावलं.”

मिस्त्री खाली बसला. सव्वीस वर्षांत त्याने बसवलेल्या चाकाने कोणाचं हाड मोडलं नव्हतं. सर ओरडले असते तर त्याला बरं वाटलं असतं. सरांनी खिशातून तोच चौकोनी कागद काढला.

“मी भांडायला आलो नाही. मला फक्त कळत नाहीये. मी मागे बसणारा माणूस सत्तर किलोचा धरला होता. तुम्ही वहिनींना बसवलंत. त्या किती?”

“अडुसष्ट.”

“मग आपलं उत्तर जवळपास एकच यायला हवं होतं. माझे तीन कमी आणि तुमचे सहा शिल्लक. एवढा फरक कुठून आला?”

सर हे अगदी वर्गात विचारावं तसं विचारत होते. त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. पण मिस्त्रीची नजर घराच्या दाराकडे गेली. ती दारात खुर्ची टाकून बसली होती, उन्हात, स्वेटर घालून. बाही वर सरकली होती आणि मनगटातलं घड्याळ घसरून कोपरापर्यंत गेलं होतं. तिने सगळं ऐकलं होतं.

तो उठून तिच्यापाशी गेला. सरही मागोमाग आले.

“किती?” त्याने विचारलं.

“सर आहेत.”

“त्यांच्यासमोरच सांग. त्यांच्या आईचं हाड मोडलंय.”

तिने स्वेटरची बाही मनगटापर्यंत ओढली. मग म्हणाली, “त्रेचाळीस. सोमवारचं.”

सरांच्या हातातला कागद खाली गेला.

“मग खोटं का बोललीस?” मिस्त्रीचा आवाज चढला. “इथे माणसं गाडीत बसतात! मी तुझ्या आकड्यावर चाक बसवतो!”

“तुम्ही विचारलंतच तसं,” ती म्हणाली. “अडुसष्ट ऐकायला. मी दुसरा आकडा सांगितला असता तर तुम्ही काय केलं असतं? एकदा तरी आत आलात का दवाखान्यात? काटा तिथे दारातच आहे.”

सरांची माफी मागायची होती, तिची मागायची होती, आणि त्याला दोन्ही एकदम सुचेना. शेवटी सरांनीच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, “मिस्त्री, माझ्या कागदावर बरोबर उत्तर होतं आणि तरी मी तुमचं घेतलं, कारण मला ते आवडलं. चूक माझीही आहे.”

दुभाजकाला घासलेला पत्रा दुसरीकडून सरळ करून गाडी परत आली, तेव्हा मिस्त्रीने रिम बदलली. दहा मिलिमीटर आत घेतलेली, आणि वर दोनशे पंचेचाळीसचा टायर. सर म्हणाले, या वेळी पोतं ठेवूया. मिस्त्रीही तेच म्हणाला. पण ती दारातून भिंतीला धरत धरत आली.

“मी बसते. काम अर्धवट टाकून जाणारी नाही मी. कमी पडेल तेवढी वाळू घाला.”

भंगारात जाणारे टायर तोलायचा काटा कोपऱ्यात होता. मिस्त्रीने त्याच्यावर पोतं ठेवलं आणि फावड्याने वाळू ओतायला लागला. काटा वर चढत होता. ती खुर्चीवरून बघत होती.

“आज किती?” त्याने तिच्याकडे न बघता विचारलं.

“बेचाळीस.”

त्याने सव्वीस किलो भरलं. पोतं बांधून उचललं आणि त्याला दम लागला. एवढी ती त्याच्या घरातून गेली होती, रोज थोडी थोडी, आणि तो शेजारी झोपत होता. तो पोतं छातीशी धरून तिथेच उभा राहिला आणि रडला. सर पाठ फिरवून जॅकशी काहीतरी करत बसले.

“अहो, चला,” ती म्हणाली. “सरांना शाळा आहे.”

त्याने तिला उचलूनच मागे बसवलं. पोतं तिच्या शेजारी, अगदी अंगाला लागून. गाडी मागून ‘कुंई’ वाजली आणि ती हसली. “बघा, आता कशी बोलली,” ती म्हणाली. माती सात मिलिमीटर निघाली, दोन्हीकडे. ती मिस्त्रीने सरांना न देता तिच्या हातात दिली.

त्यानंतरच्या सोमवारपासून तो दवाखान्यात आत जायला लागला. काट्यावर ती उभी राहायची तेव्हा तिचा हात धरायचा, आणि नर्स ओरडायची, हात सोडा, वजन चुकतं. असे सात सोमवार मिळाले.

आता खाली बसवलेली गाडी आली की मिस्त्री दोन पोती भरतो. काट्यावर नीट बघून, चिमूटभर वाळू काढून, पुन्हा घालून. मालक घाईत असतात. म्हणतात, मिस्त्री, सत्तर करून टाका, सरळ आकडा होईल. तो ऐकत नाही. अडुसष्ट भरलं की पोती मागच्या सीटवर ठेवतो, डावीकडे, आणि त्यांना पट्टा लावतो. मग बाहेर येऊन, गाडी फळीवर घ्यायला सांगण्याआधी, थोडं वाकून आवाज येतोय का ते ऐकतो.