टाळ्या पडेपर्यंत

सभागृहाच्या दाराची पितळी मूठ आज गार लागत होती... की हातच तापला होता तिचा? फटीतून येणारा स्वर नेहमीसारखा कानाशी न रेंगाळता सरळ पोटात उतरत होता, आणि त्याच्या आगेमागे — रिफ्यूज अ‍ॅडमिशन, डिनाय एन्ट्री, टर्न अवे... भाचीने घोकून घेतलेल्या शब्दांच्या जोड्या. नकाराच्या कशा पटापट तोंडात बसल्या. जन्मभर ऐकलेलंच की ते, फक्त इंग्रजीत! गेन अ‍ॅडमिशन म्हटलं की मात्र जीभ अडखळे. "अगं मावशी, प्रवेश मिळवणं ते! चोरी केल्यासारखं काय म्हणतेस?"

सभागृहात हल्ली परदेशी पाहुणे येतात, म्हणून दारावरच्या बाईला इंग्रजी हवं. आज मॅनेजरसाहेब परीक्षा घेणार. नाही जमलं तर तळघरात, लोकांचे कोट-छत्र्या सांभाळायला. पगार तोच हो... पण तिथे गाणं पोचत नाही. देवा, बाकी काही नको, एवढी फट तेवढी राहू दे.

"बाई, समजा मी उशिरा आलेला पाहुणा." साहेब कधी येऊन उभे राहिले, कळलंच नाही. लगेच इंग्रजीत गुरगुरत त्यांनी तिकीट नाचवलं, मुठीला हात घातला. आत गाणारीण लांब स्वरावर चढत होती — आत्ता दार कुरकुरलं तर... साऱ्या जोड्या डोक्यातून भुर्र उडाल्या. तिने हात दारावर आडवा टाकला.

"नो अ‍ॅडमिशन," ती कुजबुजली. "साँग गोइंग ऑन."

"आय हॅव अ टिकेट!"

"गॉड कम, ऑल्सो वेट."

साहेबांनी मुठीवरचा हात काढून घेतला. मग ते थांबले. दोघंही थांबली, ऐकत. टाळ्यांचा कडकडाट झाला, तशी तिने दार लोटलं. बिजागरीची कुरकुर टाळ्यांतच बुडवायची, ही तिची जुनी रीत.

"नाऊ गेन अ‍ॅडमिशन, सर."

साहेब मान लववून आत गेले ते गेलेच. पास की नापास? विचारायचं कुणाला... दुसरं गाणं सुरू झालं. थांबवलं मी! साहेबांना थांबवलं, आणि ते थांबले! इतकी वर्षं आपण बाहेर उभ्या आहोत, असंच धरून चालली होती ती. आता दाराला पाठ टेकून ती ऐकत राहिली, आणि बाहेर म्हणजे नेमकं कुठे, हे तिला काही केल्या ठरवता येईना.