उजवीकडची सीट

आमच्या सोनाळ्यात अमेरिका बघायला कुणाला विमानात बसावं लागत नाही. आमच्या गोठ्याशेजारच्या शेडचं दार उघडलं की ती समोर उभी असते. माझे सासरे उत्तमराव यांची अमेरिकन पॅकार्ड गाडी. अख्खं गाव तिला अमेरिकाच म्हणतं. मामाजींनी ती ऐन तरुणपणी, कापूस चांगला पिकला त्या साली, खामगावच्या एका जिनिंगवाल्या शेठकडून घेतली. शेठनं ती मुंबईच्या कुठल्याशा वकिलातीतून आणली होती. रंग दुधाळ चहासारखा, पुढची सीट सोफ्यासारखी सलग, आणि लांबी अशी की नाक पारापाशी पोचलं तरी शेपूट आमच्या दारातच असतं. मूळ इंजिन केव्हाच गेलं, आता आत टेम्पोचं डिझेल इंजिन धडधडतं. पण हे मामाजींसमोर बोलायचं नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हापासून ही गाडी माझी थोरली जाऊच आहे. कामाला हात लावायचा नाही आणि मानपान आधी तिचा. एकदा मी तिच्या तापलेल्या बॉनेटवर कुरड्या वाळत घातल्या, तर मामाजींनी माझ्याशी अबोला धरला. कुरड्या मात्र तळल्या तेव्हा मागून खाल्ल्या.

या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे आहे. त्यामुळे पुढे एखादा ट्रॅक्टर असला की मामाजींना त्याचं बूडच दिसतं, समोरून काय येतंय ते दिसत नाही. ते दिसतं उजवीकडे बसणाऱ्याला. आणि उजवीकडे पहिल्यापासून बसतात माझ्या सासूबाई, कोकिळाबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते. त्या खिडकीतून जरा मान काढतात आणि सांगतात, "काढा." नाहीतर, "थांबा." त्यांनी काढा म्हटलं की मामाजी मागचा पुढचा विचार न करता गाडी बाहेर काढतात. शेगावला एकदा पोलिसानं उजवीकडे बाई बसलेली पाहून लायसन्स त्यांनाच मागितलं होतं. आत्याबाई अजून हे रंगवून सांगतात.

माझे यजमान गोकुळ एकदा म्हणाले, "बाबा, तिथं मी बसत जातो. आईले काऊन तरास?" मामाजींनी सगळ्यांसमोर सांगितलं, "ते जागा तुह्या मायची हाय. तिचा शबद बंद झाला, की गाडी शेडात. मंग कोंबड्या पाळा तिच्यात." आत्याबाई तेव्हा चुलीपाशी होत्या, सगळं ऐकत.

परवा माझ्या भाचीचा, दीपमालाचा, खामगावला साखरपुडा होता. मी सख्खी आत्या. गोकुळ मोटारसायकलनं पुढे गेले आणि मामाजी म्हणाले की सूनबाई अमेरिकेतून जाईल. मी आत्याबाईंच्या मागे बसले, मांडीवर ओटीचं सामान घेऊन. वरवट ओलांडलं आणि पुढे कापसाचा ट्रॅक्टर लागला. कापूस असा ठासून भरलेला की ट्रॉली रस्त्याच्या मधोमध डुलत होती.

"थांबा," आत्याबाई म्हणाल्या.

थांबलो. एक एसटी समोरून गेली. नंतर रस्ता मोकळा झाला. मी मान बाहेर काढून पाहिलं, लांबपर्यंत काही नाही.

"थांबा."

मागून येणाऱ्या रिक्षासुद्धा आम्हाला मागे टाकून गेल्या. एका रिक्षातल्या बकरीनं माझ्याकडे वळून पाहिलं. मला राहवेना. मी म्हटलं, "आत्याबाई, मोकळा आहे रस्ता."

"तू नोको सांगू," त्या एकदम तोडून म्हणाल्या. "या गाडीत सांगाचं काम माहं हाय."

"तिले सांगू दे," मामाजी शांतपणे म्हणाले. आणि तो ट्रॅक्टर शेगावात वळेपर्यंत आम्ही त्याच्या मागे कापूस मोजत गेलो. पुढे खामगावपर्यंत एका भंगाराच्या गाडीमागे. मी मनातल्या मनात सासूला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

पोचलो तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या. माझ्या वहिनीनं तोंड फिरवलं. नवरीला कुंकू लावायला बायका रांगेत होत्या, आत्याबाई पुढे झाल्या. त्यांनी बोट कुंकवात बुडवलं, दीपमालाच्या कपाळाकडे नेलं, आणि टेकवलं ते डाव्या भुवईवर. दीपमाला हसली. बायकाही हसल्या. आत्याबाईही हसल्या, पण त्यांचा हात पोरीच्या तोंडावरून चाचपत गेला आणि मग कपाळ सापडलं. मला तो मोकळा रस्ता आठवला.

मी त्यांना मागच्या अंगणात हाताला धरून नेलं. सरळच विचारलं, "तुम्हाला दिसत नाही ना?"

त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, "जवळचं दिसते थोडंसं. तेबी नळीतून पाह्यल्यावानी. अकोल्याले बहिणीकडं गेली होती ना, तवा डॉक्टरले दाखवलं. डोळ्याची नस सुकून राह्यली म्हणे. गेलं ते येत नाई. राह्यलं ते टिकाव म्हणून थेंब देल्ले."

"घरात सांगितलं का नाही?"

"सांगतलं की गाडी शेडात. ऐकलं नोतं काय तू? वंदना, घरी मले कोण इचारते? काय पेराव, काय इकाव, सारं यायनंच ठरवलं. मी भाकरी थापल्या. पण गाडीत बसलं की या माणसाचा जीव माह्या जिभेवर असते. मी म्हणीन तवा जाते, मी म्हणीन तवा थांबते. तेवढं नोको नेऊ माह्यं."

"अहो, पण एखाद्या दिवशी घात होईल."

"कसा होईन? मी काढा म्हणतच नाई. साल झालं, नुसती थांबा म्हणतो."

मला हसू आलं आणि रडूही आलं. या बाईनं सालभर आपली लाजही राखली आणि नवऱ्याचा जीवही. मी सकाळी त्यांच्यावर किती जळफळले होते.

परतताना मी पुन्हा त्यांच्या मागेच बसले. ऊन उतरत होतं. शेगावच्या पुढे कडब्याची बैलगाडी लागली, ती गेली शेतात. मग एक ट्रॅक्टर. मामाजी निवांत मागे लागले. मी मान पार बाहेर काढली. दूरवर एक मोटारसायकल येत होती, ती जाऊ दिली. पुन्हा पाहिलं. वळण नाही, झाड आड नाही, समोर माणूस नाही. तरी माझं बोट पुढे होईना. घरी बसून हुकूम सोडणं वेगळं आणि तिघांचा जीव बोटावर घेणं वेगळं, हे मला तेव्हा कळलं. मी सीटच्या पाठीवरून हात नेला आणि आत्याबाईंच्या उजव्या खांद्यावर बोट दाबलं.

त्या दचकल्या.

मी पुन्हा पाहिलं. पुन्हा दाबलं.

आत्याबाईंनी घसा साफ केला. ताठ बसल्या, खिडकीतून नेहमीसारखी मान काढली, आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "काढा."

मामाजींनी क्षणभर वरच्या आरशात पाहिलं. मग गिअर टाकला. टेम्पोचं इंजिन ओरडलं, अमेरिका उजवीकडे झुकली, ट्रॅक्टरवाला आमच्याकडे बघतच राहिला आणि आम्ही पुढे आलो. आत्याबाईंचा पदर वाऱ्यानं माझ्या तोंडावर उडत होता. त्यानंतर त्यांनी आणखी दोनदा काढा म्हटलं आणि कितीदा तरी थांबा. दर वेळी त्यांचा आवाज आधीपेक्षा चढा होता.

घरी पोचल्यावर त्या भिंतीला हात लावत आत गेल्या. मी सामान उतरवत होते. मामाजी फडक्यानं बॉनेट पुसत होते, माझ्याकडे पाठ करून.

"सूनबाई," ते म्हणाले, "आता गाडी निंघाली की तूबी येत जाय. मांगं. तिच्याच मांगं बसत जाय."

मी हो म्हटलं.

"साल झालं, ट्रॅक्टरायच्या मांगंच चालून राह्यलो. मले काई घाई नोती. पण आज तिचा आवाज ऐकला." ते आरसा पुसायला लागले, तो स्वच्छच होता तरी. "अन् बोट जराक अगोदर लावत जाय. गाडी जुनी हाय, उचलाले येळ लागते."