गुरुजी तुरुंगात जेवले

मुलांनो, जरा डोळे मिटा. समोर एक उंच भिंत आहे असं समजा, चुना फासलेली, आणि तिच्यात तुमच्या डोक्याच्या उंचीवर एक लहानशी खिडकी. खिडकीपुढे बायकांची रांग. प्रत्येकीच्या हातात पिशवी. मागे किरगिझ मुलखातले बर्फाचे डोंगर, आणि वारा असा की कान जागेवर आहेत की गळून पडले ते चाचपून बघावं. त्या रांगेत तुमच्याएवढी एक मुलगी उभी आहे. तिचं नाव अकबेर्मेत, घरी सगळे बेर्मेत म्हणतात. वय अकरा. भिंतीच्या आत तिचे बाबा आहेत.

दिसली ना? आता डोळे उघडा आणि ऐका.

बेर्मेतच्या बाबांनी, म्हणजे एसेनने, गुन्हा केला होता. ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. त्याने दुसऱ्याचे घोडे डोंगरापलीकडे नेऊन विकले होते. न्यायाधीशांनी पाच वर्षं दिली, तेव्हा एसेन म्हणाला, बरोबर आहे. चार वर्षं त्याने मान खाली घालून काढली. तुरुंगात त्याच्याकडे बराकी गरम ठेवणाऱ्या भट्टीचं काम होतं. वागणूक अशीच चांगली राहिली तर येत्या वसंतात, घोड्या व्यायला लागतात त्या सुमारास, त्याला मुदतीआधी सोडणार होते. बेर्मेत आणि तिची आई ग्युलझान त्या एका आशेवर दिवस ढकलत होत्या.

थंडी सुरू झाली तेव्हाच्या भेटीत एसेन नेहमीसारखा बोलेना. आईने खोदून विचारल्यावर त्याने सांगितलं. सरकारकडून बराकींसाठी हिवाळ्यात चार ट्रक कोळसा येतो. भट्टीपर्यंत पोचतो एकच. बाकीचा तुरुंगाच्या मोठ्या साहेबांच्या हमामात, म्हणजे गरम न्हाणीघरात, आणि त्यांच्या सोयऱ्यांच्या घरी जातो. एका खोलीत चाळीस माणसं ओले बूट उशाशी घेऊन झोपतात. खोकणाऱ्या दोन म्हाताऱ्यांना उचलून नेलं, ते परत आलेच नाहीत. "आणि शिव्या कुणाला? मला," तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "भट्टीवाला मीच ना." हे लिहा, कुणाला सांगा, असं तो म्हणाला नव्हता. त्याने फक्त मन मोकळं केलं होतं.

लिहिलं ते बेर्मेतने. घरी येऊन, शाळेच्या वहीच्या पानावर, अगदी वळणदार अक्षरात. आई घाबरली. एवढा एकच हिवाळा उरलाय, आता कशाला विस्तवात हात घालायचा, असं तिचं म्हणणं. पण बेर्मेतने ओर्मोन गुरुजींचं नाव घेतलं आणि आई विचारात पडली.

ओर्मोन गुरुजींनी एसेनला अक्षरं शिकवली होती आणि नंतर बेर्मेतलाही. गावात कुणाचंही भांडण झालं की निवाड्याला लोक त्यांच्याकडे जात. त्या देशात एक चांगली व्यवस्था आहे. जिल्ह्यातली चार सचोटीची माणसं निवडतात. त्यांनी कधीही कुठल्याही तुरुंगात जावं, हवी ती खोली उघडायला लावावी, हव्या त्या कैद्याशी बोलावं, आणि काय दिसलं ते थेट राजधानीला कळवावं. तुरुंगाच्या साहेबाला त्यांना अडवता येत नाही. त्या वर्षी गुरुजी त्या चौघांतले एक होते.

गुरुजींनी पत्र दोनदा वाचलं. मग समोरच्या नानवर तळहात ठेवून ते म्हणाले, "हे पत्र राजधानीतच उघडेल. नाहीतर हे अन्न मला शिक्षा करो." तिथल्या माणसांत याच्यापुढे शपथ नाही. त्या रात्री आईला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

गुरुवारी चौघं तुरुंग तपासून आले. शनिवारी पिशव्या द्यायचा दिवस होता. आईने चहा, साखर, लोकरीचे मोजे आणि कुरुत, म्हणजे वाळवलेल्या खारट दह्याचे गोळे, असं सगळं भरलं होतं. खिडकीतल्या बाईने यादीवर बोट फिरवलं आणि पिशवी परत सरकवली. एसेन शिक्षेच्या कोठडीत आहे. पंधरा दिवस. भेट नाही, पिशवी नाही. मुदतीआधी सुटकेच्या यादीतूनही नाव गेलं.

आईने कारण विचारलं. बाईने खांदे उडवले. तिच्या मागे एक पहारेकरी सूर्यफुलाच्या बिया सोलत उभा होता. तो वाकला आणि त्याने बेर्मेतकडे पाहिलं.

"तूच का ती? अक्षर छान आहे हं तुझं. साहेबांनी आम्हाला सगळ्यांना वाचून दाखवलं."

आईने पिशवी उचलली आणि बेर्मेतचा हात धरून ती रांगेबाहेर पडली. परतीच्या गाडीत ती रागावली नाही. रागावली असती तर बेर्मेतला बरं वाटलं असतं.

गाव येताच बेर्मेत घरी न जाता सरळ गुरुजींकडे गेली. गुरुजींनी तिचा चेहरा पाहिला आणि बायकोला चहा ठेवायला सांगितला. दारात आलेल्या माणसाने निदान घासभर नान तोंडात टाकल्याशिवाय जायचं नाही, ही तिकडची रीत. बेर्मेतने नानला हात लावला नाही.

"माझं पत्र साहेबांकडे कसं गेलं, गुरुजी?"

गुरुजी खोटं बोलले नाहीत, एवढं मी त्यांच्या बाजूने सांगेन. पेला खाली ठेवून त्यांनी सगळं सांगितलं. ते तुरुंगाच्या फाटकातून आत गेले तर दस्तरखान, म्हणजे जेवणाची चादर, अन्नासकट मांडूनच ठेवलेला. मांडलेल्या अन्नाला ओलांडून जाणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर मारणं. त्यांनी ठरवलं, घास मोडायचा आणि उठायचं. पण साहेबांनी मेंढा कापला होता आणि त्याचं डोकं आणून गुरुजींपुढे ठेवलं. तो मान सगळ्यांत मोठ्या पाहुण्याचा. डोकं पुढे आलं की ते त्यानेच कापायचं, कान धाकट्याला, डोळा मित्राला, असं एकेकाला वाटायचं. उठायला दुपार उलटली. मग साहेबांनी दोन खोल्या दाखवल्या. दोन्ही उबदार होत्या.

"पत्र खिशात होतं गं," गुरुजी म्हणाले. "पण ज्याचं मीठ खाल्लं त्याची पाठीमागून तक्रार करायची? मला वाटलं, घरातली गोष्ट घरातच मिटलेली बरी. म्हणून त्यांच्याच हातात दिलं. म्हटलं, तुम्हीच बघा काय ते. ते म्हणाले, बघतो ना गुरुजी, आमचीच लेकरं आहेत ती."

बेर्मेतला रडू येत होतं, पण ती रडली नाही. तिला खरोखरच एक गोष्ट कळत नव्हती, आणि न कळलेलं विचारायचं हे तिला याच गुरुजींनी शिकवलं होतं.

"पण तुरुंग म्हणजे साहेबांचं घर कुठंय?" तिने विचारलं. "आणि तुम्ही तिथे पाहुणे होतात का?"

चुलीजवळ त्यांची बायको पाठमोरी उभी होती. ती वळून न बघताच म्हणाली, "सांगा की. चाळीस वर्षं पोरांना उत्तरं विचारत आलात."

गुरुजी म्हणाले की ते स्वतः राजधानीला जातील, सगळं कबूल करतील, नवं पत्र लिहून दे. कदाचित ते गेलेही असते. बेर्मेतने मान हलवली. तिला त्यांचा राग आला होता का, हे मला नीट सांगता येत नाही. ती फक्त म्हणाली, "एकाच्या हातात नाही देणार आता." आणि टोपी घालून निघून गेली.

आठवडाभर ती संध्याकाळी वही घेऊन बसत होती, तेच पत्र पुन्हा पुन्हा उतरून काढत. तिने आईला काही सांगितलं नाही. आईनेही विचारलं नाही, पण शुक्रवारी बेर्मेत पेन्सिलीला टोक काढत होती तेव्हा दिवा तिच्या बाजूला सरकवून ठेवला.

पुढच्या शनिवारी भिंतीजवळ रांग होती तशीच होती. आईकडे या वेळी पिशवी नव्हती, कारण द्यायला परवानगी नव्हती. तरी दोघी गेल्या. बेर्मेत रांगेत लागली नाही. ती सगळ्यांत शेवटी उभ्या असलेल्या बाईजवळ गेली. तिच्याकडे बटाट्यांचं पोतं होतं आणि तिचा मुलगा आत होता.

"मावशी, तुमचा मुलगा खोकतो का?"

बाईने खिडकीकडे चोरून पाहिलं. पहारेकरी दिसत होता. तिने मान फिरवली. बेर्मेत पुढच्या बाईकडे गेली आणि तेच विचारलं. तिने हाकललं. म्हणाली, पोरी, स्वतःच्या बापाला खड्ड्यात घातलंस, आता माझ्या नवऱ्याला घालतेस का? ते खरंच होतं, म्हणून बेर्मेतने ते ऐकून घेतलं आणि तिसरीकडे गेली. तिसरी पिशवी उचलून दोन पावलं पुढे सरकली.

चौथी एक म्हातारी होती, काठी टेकून उभी. "खोकत होता," ती म्हणाली. "नवरा माझा. आता नाही खोकत." तिच्या हातात पिशवीही नव्हती. सवयीने येऊन उभी राहते, असं मागची कोणीतरी पुटपुटली.

बेर्मेतने वही उघडून भिंतीला टेकवली, पेन्सिल थुंकीने ओली केली आणि म्हणाली, "त्यांचं नाव सांगा, आजी. सावकाश सांगा. मी नीट लिहिते."