कस्तुराबाईंची टाच

बाभळीचा काटा टाचेत मोडून तीन दिवस झाले, तरी कस्तुराबाई दवाखान्याचं नाव काढू देईनात. सकाळ-संध्याकाळ घंगाळात मिठाचं गरम पाणी घ्यायचं, त्यात पाय सोडून बसायचं, आणि पाणी गढूळ झालं की सुनेला हाक मारायची.

"बघ शशिकला, कसं काळं निघालंय! समदं इख भाईर पडायलंय."

शशिकला बी.ए. झालेली. बाळाच्या अंघोळीचं पाणी फार कढत नाही ना, हे कोपर बुडवून बघायची तिची सवय. आता सासूच्या घंगाळातही बुडवायची. ऊन पाण्यानं सासूबाईंना गाढ झोप लागते, भेगा मऊ पडतात, हे तिला मान्य होतं. पण टाच लाल होऊन ठणकत होती आणि काटा आतच होता. पाय चिघळला तर, या धास्तीनं तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

चौथ्या दिवशी तिनं डाव टाकला. घंगाळाआधी सासूचे दोन्ही पाय साबण लावून, दुखरी जागा सांभाळून, वजरीनं लख्ख घासले.

"आज लय सेवा चाललीय!" कस्तुराबाईंना संशय आला.

घटकाभरानं शशिकलानं घंगाळ उजेडात ओढलं. पाणी नितळ, पार तळ दिसत होता.

"बघा आत्याबाई. रोज निघत होती ती रानातली माती. विष नव्हतंच."

कस्तुराबाई वाकल्या आणि त्यांचा चेहरा फुलला. "म्हंजे समदं निघून गेलं की गं! बरी झाले मी!"

कुडापलीकडून शेजारच्या धुरपताबाई फिस्सकन हसल्या. "घ्या, बी.ए. बाई!"

शशिकलानं पदर खोचला. "बऱ्या झालात ना? मग धुरपताकाकूंच्या दारापर्यंत चालून दाखवा. टाच टेकवून."

कस्तुराबाई ताठ्यात उठल्या, एक पाऊल टाकलं, आणि "अगं आई गं!" करत थेट घंगाळात बसल्या.

दुपारी दवाखान्यात डॉक्टरांनी चिमट्यानं काटा उपसला. "कातडी मऊ होती, म्हणून चटकन सापडला," असं म्हणून त्यांनी धनुर्वाताची सुई टोचली. "पण काटा पाण्यानं निघत नसतो. आणखी दोन दिवस थांबला असतात, तर पू झाला असता."

परतताना बैलगाडीत कस्तुराबाई म्हणाल्या, "ऐकलंस? मऊ होती म्हणून!"

"आणि पुढचं?"

"पुढचं सुईच्या कळेत कुठं ऐकू येतंय, बाई!"