टमरेल घेऊन पळणारा शालिग्राम

शालिग्रामच्या खोकल्यावर अख्खी गल्ली उठायची. पहाटे पहिला खोकला आला की बाया चूल पेटवायच्या, दुसरा आला की म्हशी उठून उभ्या राहायच्या. दिवसाला दोन कट्टे बिड्या ओढणारा माणूस, खोकणारच. दुसरबीडच्या स्टँडपासून कोसभर आत असलेल्या त्या गावात कोणाला त्याचं काही वाटतही नव्हतं. पण चिखलीचे वामनराव मुलाला घेऊन त्याच्या पोरीला, वच्छलाला, पाहायला येणार असं ठरलं, अन् त्याच्या बायकोचं, पंचफुलाचं, धाबं दणाणलं.

"वच्छीचे बाबा, आधीच्या दोन सोयरिकी कशानं मोडल्या, इसरले काय? पाव्हणे बसले, तुमी खोकलले, पाव्हण्यानं च्याचा कप खाली ठेवला अन् उठले. बापाले छातीचा रोग हाय म्हणून बोंब झाली गावोगाव. या डावाले खोकलले तं पोरगी घरातच राह्यते, सांगून ठेवते."

"रोग नाई व मले. बिडी हाय."

"मंग सोडा ना ते बिडी!"

सोडून पाहिली होती. बडीशेप खाल्ली, लवंग चघळली, एकदा तर सासऱ्याची शपथ घेतली. सासरे मरून आठ वर्षं झाली होती, त्यामुळे तिचाही उपयोग झाला नाही. शेवटी स्टँडवर सायकली दुरुस्त करणाऱ्या सईदनं इलाज सांगितला. सईद पलटणीत राहून आलेला, त्यामुळे त्याला सगळ्यातलं कळायचं.

"शालिग्रामभाऊ, तलफ आली का पयत सुटायचं. पयत्या माणसाची माचीस पेटत नाई."

पाहुणे यायला बारा दिवस होते. दुसऱ्या सकाळी शालिग्रामनं धोतराचा काचा मारला अन् पळत सुटला.

आता, गावात पंचेचाळीस वर्षांचा बाप्या उगाच पळत नसतो. वेशीजवळ कोतवाल उकंडरावनं त्याला पाहिलं अन् काही न विचारता तोही मागे पळायला लागला. मग आणखी दोघं. मग घागरी घेऊन सहा जण. शालिग्रामच्या वावरापर्यंत सगळे धापा टाकत पोचले.

"कुठं लागली आग?" उकंडरावनं विचारलं.

"आग? नाई लागली."

"मंग पयत काऊन होता बे?"

बिडी सोडण्यासाठी, असं सांगितलं तर खोकल्याचा विषय पुन्हा निघणार. शालिग्रामनं खाली बसून कपाशीतलं तण उपटायला घेतलं. लोक शिव्या देत परतले.

तोड पंचफुलानं काढली. "हातात टमरेल घ्या. टमरेलवाल्याले कोनी थांबवत नाई, कोनी काई इचारत नाई."

अगदी खरं निघालं. भरलेलं टमरेल हातात दिसलं की लोक बाजूला व्हायचे, बैलगाडीवालेसुद्धा वाट द्यायचे. शालिग्राम सकाळी पळाला, न्याहारीनंतर पळाला, जेवून उठल्यावर पळाला. तलफ येईल तेव्हा टमरेल उचलायचं अन् सुटायचं. दोन कट्ट्यांच्या पाच बिड्या झाल्या, पाचाची एक झाली, आठव्या दिवशी तीही सुटली. खोकला बसला. गल्लीतल्या चुली उशिरा पेटायला लागल्या.

पण लोक विचारत नसले तरी मोजत होते. दिवसातून नऊ वेळा, तेही पळत! उकंडराव कर्तव्याला जागणारा माणूस. त्यानं तालुक्याला जाऊन वर्दी दिली, गावात हगवण आहे, बहुतेक पटकीच.

ठरल्या दिवशी पाहुण्यांचा छकडा वेशीत शिरला, तेव्हा तिथे लस टोचणारी सरकारी जीप उभी होती. वामनराव अन् त्यांचा मुलगा खाली उतरले, अन् नाव विचारायच्या आत दोघांच्या दंडात सुई गेली.

"कायची साथ हाय?" वामनरावांनी दंड चोळत विचारलं.

"पटकीची," सुईवाला म्हणाला.

"कोनाच्या घरी?"

"शालिग्रामच्या!" उकंडरावनं अभिमानानं सांगितलं. "चला, घर दाखवतो."

छकडा जागच्या जागी वळला.

शालिग्रामला हे कळलं तेव्हा तो ओसरीवर सतरंजी अंथरत होता. त्यानं सतरंजी टाकली अन् धूम ठोकली. या खेपेला टमरेलाशिवाय. कोसभर पळाला अन् स्टँडवर बसची वाट पाहत बसलेल्या वामनरावांपुढे जाऊन उभा राहिला.

"पाव्हणे, पटकी नाई! मी नुसता पयत होतो. तब्येतीसाठी."

वामनरावांनी त्याला खालीवर पाहिलं. "गावापासून पयत आले?"

"हाव."

"अन् दम नाई लागला? आमाले तं कोनीतरी सांगतलं होतं का तुमाले छातीचं दुखणं हाय. लोक बी काय बोलतात!" ते हसले अन् खिशातून कट्टा काढला. "घ्या. सोयरे म्हणून पयली बिडी."

या मुलखात व्याह्यानं पुढे केलेली बिडी नाकारणं म्हणजे सोयरीकच नाकारणं. शालिग्रामनं बिडी घेतली. झुरका ओढला, धूर छातीत दाबून धरला. डोळ्यांत पाणी आलं, मानेच्या शिरा फुगल्या, पण खोकला आला नाही.

खोकला वामनरावांना आला. ते कमरेत वाकले, तोंड लालबुंद झालं. मुलगा घाबरला नाही. त्यानं खिशातून दस्ती काढली, बापाच्या तोंडाला लावली, अन् तिच्याकडे न पाहताच घडी करून परत खिशात ठेवली. मग तोंड वळवून तोही दोनदा खोकलला.

"धुरया हाय लई," वामनराव रस्त्यावरच्या धुळीकडे बोट दाखवत म्हणाले.

हेच वाक्य शालिग्राम दहा वर्षं लोकांना सांगत आला होता. फक्त त्याच्यासाठी घरात कोणी असा रुमाल बाळगत नव्हतं.

"पोरगी पसंत समजा," वामनराव बसमध्ये चढता चढता म्हणाले. "पाहून काय करायचं?"

परत येताना शालिग्राम पळाला नाही. दारात पंचफुला अन् तिच्यामागे नवं पातळ नेसलेली वच्छला उभी होती.

"काय म्हणले?"

"पसंत हाय म्हंते. न पाह्यताच."

पंचफुलानं देवाला हात जोडले अन् त्याच्या तोंडात साखर कोंबली. त्यानं ओसरीवरची सतरंजी गुंडाळायला घेतली.

"उद्या मी चिखलीले जातो."

"बोलणी कराले?"

"पोरगा पाहाले."

"अव माय, आता पाह्यला ना तुमी!"

"बसलेला पाह्यला," शालिग्राम म्हणाला. "पयताना नाई पाह्यला."