हॅरिएटच्या सुतकाचे काळे मणी

मी एक जुना सर आहे. राणी खांद्यावर तलवार टेकवून करते तो सर नव्हे मित्रांनो, दोऱ्यात ओवतात तो. मूळचे बासष्ट काळे मणी आणि मानेमागे एक चपटी चांदीची डबी, तीच माझी कडी. माझे मणी जेटचे आहेत. जेट म्हणजे विमान नव्हे. लाखो वर्षं दडपून काळं झालेलं लाकूड म्हणजे जेट. हाताला दगडासारखं गार लागत नाही आणि वजनाला सुपारीपेक्षा हलकं. इंग्लंडच्या किनाऱ्यावरून मला खणून काढलं, एका कारागिरानं चाकावर घासून घासून गोल केलं, आणि कशासाठी? तर घरात कुणी मेलं की बायकांनी घालावं म्हणून. माझा जन्मच सुतकासाठी झाला. हे मी लाजत सांगत नाही. लाज ज्यांना वाटायला हवी होती त्यांचं पुढे येतंच आहे.

१८७४ साली मी ग्लासगोतल्या एका दोऱ्याच्या व्यापाऱ्याच्या घरी आलो. त्याची धाकटी मुलगी हॅरिएट, वय बावीस, क्षयानं आजारी होती. आजारी होती म्हणतोय मी, नीट वाचा. जिवंत होती. तिच्या आत्यानं काळे पोशाख, काळे हातमोजे, काळ्या काठाचे कागद आणि मला, असं सगळं तीन आठवडे आधीच मागवून ठेवलं होतं. का, तर आयत्या वेळी धावपळ नको! डॉक्टर सांगत होता, खिडक्या उघडा, हिला समुद्रकाठी न्या. बाप म्हणाला, नेलं तर गावभर कळेल की घरात क्षय आहे, मग थोरलीचं लग्न कसं जमायचं? खिडक्या बंदच राहिल्या.

एका दुपारी हॅरिएट भिंतीला धरत धरत शेजारच्या खोलीत आली. तिला माझी पेटी सापडली. तिनं मला गळ्यात घातलं, आरशात पाहिलं आणि म्हणाली, "शोभतो की काळा रंग मला! आत्याला सांगते, माझ्या मयताला मीच हे घालून येईन." आणि हसली. हसता हसता खोकली. तो खोकला मी अंगावर घेतला. आधी छातीत कुणीतरी कोरडा कागद चुरगाळावा तसा आवाज, मग दोन ठसके, मग एक बारीक शिट्टी. तो आवाज मी आजही विसरलेलो नाही.

पंधरा दिवसांनी ती गेली. मग काय थाट! सहा काळे घोडे, त्यांच्या डोक्यावर शहामृगाची पिसं. दारात रडका चेहरा करून उभी राहणारी दोन भाड्याची माणसं, त्यातल्या एकाच्या तोंडाला दारूचा वास. तिच्या लाल केसांची एक बट माझ्या डबीत बंद केली. अंत्ययात्रा गेल्यावर घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. तेव्हा उघडल्या!

तिच्या आईनं मला दोन वर्षं घातलं. पहिल्या वर्षी काळ्याला चकाकी चालत नाही, दुसऱ्या वर्षी थोडी चालते, मग राखाडी, मग जांभळा. दुःखाचं शाळेसारखं टाइमटेबल होतं. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. "किती सुंदर सुतक पाळलं!" म्हणाले. नंतर मी एका खणात जाऊन पडलो, आणि त्या घराच्या पणतू-खापरपणतूंनी घर विकेपर्यंत पडून राहिलो. शंभर वर्षं. मग मला चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे दानात आलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात नेऊन, प्लॅस्टिकच्या कानातल्यांबरोबर एका वाडग्यात टाकलं.

ते १९८३ साल होतं. डिसेंबर संपत आला होता. दुकान सांभाळायच्या मिसेस गिलेस्पी. सत्तरीच्या, मनानं चांगल्या, कानानं अर्ध्या. त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर डॉक्टर विनय राहायचे. त्यांची नवी बायको सुलक्षणा सांगलीहून येऊन चारच महिने झाले होते. ती दुकानात आली ती एका हातानं गळा झाकूनच. ओव्हरकोट काढताना तिचं मंगळसूत्र बटणात अडकलं होतं आणि मणी बसच्या हीटरच्या जाळीत गेले होते. सोन्याच्या दोन वाट्या तेवढ्या वाचल्या.

आता तुमच्या भाषेत मंगळसूत्र तुटलं असं म्हणत नाहीत, वाढलं म्हणतात. अशुभ बोलायचं नाही ना! सुलक्षणा इंग्रजीतही अशुभ बोलली नाही. म्हणाली, "मिसेस गिलेस्पी, माय मंगळसूत्र हॅज इन्क्रीज्ड."

"ओह, काँग्रॅच्युलेशन्स, हेन!" मिसेस गिलेस्पींनी तिला मिठीच मारली. ग्लासगोत बायकांना प्रेमानं कोंबडी म्हणतात.

तेवढ्यात सुलक्षणाला वाडग्यातला मी दिसलो. "अय्या, काळे मणी!" असा आनंद मला पाहून आजवर कुणाला झाला नव्हता. मला पाहून लोक रुमाल काढत. तिनं घरी जाऊन मला हिरव्या साबणानं आंघोळ घातली, मध्ये दोन वाट्या ओवल्या, डबी दिसायला छान म्हणून मानेमागे तशीच ठेवली. मित्रांनो, माझी कडी सुतकातल्या मानेवर झिजलेली, आणि मी झालो सौभाग्याचा दागिना! 'तो सर' होतो, 'ते मंगळसूत्र' झालो. मराठी मी तिथेच शिकलो. गळ्याइतकी जवळची शाळा दुसरी नाही.

आणि पहिल्याच संध्याकाळी मी हादरलो. चुरगाळलेला कागद. दोन ठसके. बारीक शिट्टी.

खोकला दोन महिन्यांचा होता. मी यायच्या आधीचा, हे लक्षात ठेवा. विनय दिवसाला चाळीस छात्या तपासायचा. चाळीसच. एक्केचाळिसावी घरी होती. "हवाबदल आहे, होईल सवय," म्हणायचा. एकदा त्यानं एक्स-रेचा कागद दिला होता खरा. पण तिथल्या बाईनं गळ्यातलं काढायला सांगितलं आणि सुलक्षणा तशीच परत आली. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई, मधुमतीबाई, म्हणाल्या, "बरं केलंस. मी असेपर्यंत सुनेचा गळा मोकळा दिसायचा नाही. आणि साध्या खोकल्याचे फोटो कसले काढायचे? लोक भलतंसलतं बोलतात." तो कागद घड्याळामागे गेला. सुलक्षणाचे ब्लाउज ढगळ होत गेले. मी गळ्यातून ओरडत होतो, पण मण्याला तोंड नसतं, भोक असतं.

मग आली संक्रांत. सासूबाईंनी हळदीकुंकू ठरवलं. ग्लासगोतल्या डॉक्टरांच्या बायका जमल्या, सगळ्या काळ्या साड्यांत. खालच्या मिसेस गिलेस्पींनाही बोलावणं होतं. त्यांनी दार ढकललं आणि जागीच थिजल्या. खोलीभर काळ्या कपड्यांतल्या बायका. त्यांनी टोपी काढून छातीशी धरली.

"हू हॅज डाइड, हेन?" त्यांनी हळूच विचारलं.

"नोबडी, नोबडी! तिळगुळ घ्या," सर्जनची बायको प्रमोदिनी म्हणाली. "धिस इज हॅपी ब्लॅक."

हॅपी ब्लॅक! शंभर वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मिसेस गिलेस्पींचा विश्वास बसला नाही. सुलक्षणा त्यांना कुंकू लावायला वाकली, पदर सरकला आणि त्यांना डबी दिसली.

"पण हा तर सुतकाचा सर आहे! डबीत काय आहे पाहिलं नाहीस?" त्यांनी नखानं डबी उघडली. लाल केसांची बट. झाकणाच्या आत कोरलेलं, हॅरिएट, वय बावीस. "ज्यांनी घर विकलं त्यांनी सांगितलं मला. कन्झम्प्शननं गेली, बिचारी पोर."

प्रमोदिनीनं मराठीत सांगितलं आणि मधुमतीबाईंच्या हातातला वाणाचा चमचा खाली पडला. "मेलीचे केस? माझ्या सुनेच्या मानेवर? काढ! आधी काढ ते!"

"अहो आई, गळा मोकळा..."

"काढ म्हणते ना! हळकुंड आणा कुणीतरी. दोऱ्याला बांधा. त्या वाट्या गंगाजळात टाका."

"गंगाजळाबरोबर थोडं डेटॉल," प्रमोदिनी म्हणाली.

"तू गप बस."

मला दोन बोटांत, मेलेल्या पालीसारखं, शॉर्टब्रेड बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकलं. आणि त्या शांततेत सुलक्षणा खोकली. कागद, दोन ठसके, शिट्टी. अडीच महिने तो खोकला घरात होता, पण त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांनी ऐकला.

"किती दिवस आहे हा खोकला?" मिसेस गिलेस्पींनी विचारलं. अर्ध्या कानाच्या बाईनं!

मधुमतीबाई पांढऱ्या पडल्या. "अगं बाई! त्या पोरीचा खोकला हिला लागला!"

खोटं! साफ खोटं! मी डब्यात स्वतःला आपटून घेतलं. खोकला आधीचा होता, तुमच्या डोळ्यांदेखतचा! पण तेवढ्यात विनय हॉस्पिटलमधून आला आणि सासूबाई त्याच्यावर धावल्या. "अरे, डॉक्टर ना तू? जगाच्या छात्या बघतोस आणि घरातली दिसत नाही? उद्या सकाळी हिचा फोटो काढ."

"आई, मी मागेच कागद..."

"मागचं मला सांगू नकोस! उद्या!"

मग मी गप्प बसलो. माझ्यावर आळ घेऊन ती वाचत असेल तर घ्या आळ. हॅरिएटच्या वेळी नुसता दागिना होतो. या वेळी निदान भूत तरी झालो.

दुसऱ्या दिवशी एक्स-रे निघाला. हळकुंडात सोनं नसतं, त्यामुळे गळा मोकळा करायची वेळच आली नाही. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या कोपऱ्यात डाग होता. क्षय. घरातल्या सगळ्यांची तपासणी करावी लागली, आणि एक्स-रेच्या बाईनं मधुमतीबाईंनाही गळ्यातलं काढायला सांगितलं. सुलक्षणानं घरी येऊन फोनवर प्रमोदिनीला सांगितलं ते मी डब्यातून ऐकलं. "आईंनी मुकाट्यानं काढलं गं. ह्यांच्या हातात दिलं. म्हणाल्या, धर नीट, काही होत नाही. पुण्यात तुझे बाबा ठणठणीत आहेत."

गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी लघवी केशरी होते, तर मधुमतीबाईंना वाटलं हळकुंडाचा गुण आला. त्यांनी मुक्काम वाढवून घेतला. ग्लासगोच्या गारठ्यात रोज सकाळी स्वतः शाल गुंडाळून खिडक्या उघडायच्या. "लोकांना काय सांगायचं?" असं विनयनं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "क्षय झालाय, औषध चालू आहे, हे सांगायचं. चोरी केलीये का?" त्या बाईवर माझा राग होता. त्या दिवशी गेला.

पुढच्या संक्रांतीला सुलक्षणानं डबा उघडला. पुण्याहून नवे काळे मणी आले होते, मंगळसूत्र त्यांचं झालं होतं. मला तिनं काळ्या साडीवर, नुसता सर म्हणून घातलं. डबीतली बट तशीच ठेवली. मधुमतीबाई पुढे आल्या. त्यांनी हळदीकुंकवात बोट बुडवलं आणि डबीला, हॅरिएटला, एक ठिपका लावला. "बावीस म्हणजे काय वय आहे?" एवढंच म्हणाल्या.

मिसेस गिलेस्पी या वेळी टोपी न काढता आल्या आणि जोरात म्हणाल्या, "हॅपी ब्लॅक!" सुलक्षणा हसली. मोठ्यानं, पोट धरून. मी कान लावून बसलो. कागद नाही. ठसका नाही. शिट्टी नाही. नुसतं हसू. पण वर्षभरात तिचं वजन एक स्टोन, म्हणजे सहा किलो, वाढलं होतं, मान भरली होती, आणि माझा दोरा बारीक मानेच्या मापाचा होता. फट्! बासष्ट मणी खोलीभर.

"वाढलं गं बाई, वाढलं!" मधुमतीबाई गुडघ्यांवर बसून मणी वेचत ओरडल्या.

"काँग्रॅच्युलेशन्स, हेन!" मिसेस गिलेस्पी म्हणाल्या. आणि या खेपेला त्यांचं बरोबर होतं.

एकसष्ट मणी सापडले, ते पुन्हा ओवले. एक गॅसच्या शेगडीखाली गेला तो गेलाच. आज १९९६ साल आहे आणि मी सुलक्षणाच्या आरशाजवळ खिळ्याला टांगलेला असतो.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. मला एक मऊ फडकं पुरतं. माझ्यासारख्या निर्जीव वस्तूंची देखभाल तुम्ही फार छान करता, मेलेल्या माणसांची तर त्याहून छान. तुमच्या घरात कुणी खोकत असेल तर उठा, खिडकी उघडा आणि विचारा, किती दिवस झाले? भुताची वाट पाहू नका. प्रत्येक घरात मी टांगलेला नसतो.