चकतीचं बटण

मित्रांनो, मी एक जुनी पुठ्ठ्याची चकती आहे. खरं तर आम्ही दोघी आहोत, एक मोठी आणि एक छोटी; पण पोटात टाचणी एकच, म्हणून मी स्वतःला एकटीच समजते. शिकवणीच्या बाईंनी मला बुटांच्या खोक्यातून कापलं. इंग्रजीत एकाचं बोलणं दुसऱ्याला नंतर सांगायचं झालं, की त्यातला दिवसही बदलावा लागतो. ते काम माझं. मला फिरवलं, की माझ्यात कापलेल्या वरच्या खिडकीत 'टुडे' येतो आणि खालच्या खिडकीत 'दॅट डे'. 'टुमॉरो' आला, की खाली 'द नेक्स्ट डे'.

सुरुवातीला मुलं माझ्यासाठी भांडायची. "चकती नसती तर माझा घसा बसला असता," असं बाई म्हणायच्या आणि मी हुरळून जायची. पण शेजारच्याच खिळ्यावर कॅलेंडर होतं. ते काही शिकवत नसे, नुसतं लटकून असे. तरी जो येई तो आधी त्याच्याकडे बघे. सुट्टी कधी, परीक्षा कधी, सगळं त्यालाच विचारायचं. शिवाय दर महिन्याला साहेबांना नवं चित्र. माझ्या कडा मात्र काळ्या पडल्या, आणि मी पाठ झाल्यावर मुलांनी मला हात लावणंही सोडलं. माझा नुसता जळफळाट होई.

एका बुधवारी चिमणी नावाची मुलगी नाचतच शिकवणीला आली. ती मावशीकडे राहायची. तिचे बाबा लांब पल्ल्याच्या बसचे ड्रायव्हर. त्यांची बस क्वचितच इकडून जाई आणि थोडाच वेळ थांबे.

"बाई, बाबांचा खालच्या दुकानात फोन आला होता. 'परवा दुपारी स्टँडवर ये' म्हणाले."

"कधी म्हणाले?"

"दुकानातल्या काकांनी आत्ता सांगितलं."

"काकांचं राहू दे गं. बाबा कधी बोलले?"

चिमणी खाली दुकानात जाऊन आली. "सोमवारी. काका सांगायला विसरले."

बाईंनी मला खिळ्यावरून काढून फिरवलं. किती दिवसांनी! खालच्या खिडकीत 'टू डेज लेटर' आलं. "बघ, सोमवारपासून दोन दिवस मोज," बाई म्हणाल्या.

आणि चिमणी मोजायला कुठे गेली? कॅलेंडरकडे. शब्द माझा, बोट त्याला. ते बोट बुधवारवर थांबलं आणि तिचा चेहरा उतरला.

"बाई, म्हणजे आजच."

बाईंनी मला टेबलावर टाकलं, चपला पायात सरकवल्या आणि तिचा हात धरून त्या धावल्या. दारातून चिमणीने वळून पाहिलं, तेवढ्यात मी घसरून जमिनीवर पडले. टाचणी निघाली, आम्ही दोघी दोन कोपऱ्यांत गेलो. कॅलेंडर मजेत वरून बघत होतं. चिमणी पोचली की नाही, हे मला कुणी सांगणार नव्हतं. त्या दुपारी मी कॅलेंडरचा जितका हेवा केला, तितका कधीच केला नाही.

दुसऱ्या दिवशी चिमणी सुईदोरा घेऊन आली. "बस सुटतच होती. बाबांनी आरशात मला बघितलं," ती बाईंना म्हणाली. मग तिने मुठीतून बाबांच्या गणवेशाचं एक बटण काढलं. "चकतीचं सांगितलं तर त्यांनी बाहीचं तोडून दिलं. टाचणीपेक्षा टिकेल म्हणाले."

तिने आम्हा दोघींच्या पोटातून ते शिवलं आणि मला पुन्हा खिळ्यावर अडकवलं.

मित्रांनो, कुणाचा निरोप पोचवाल तेव्हा तो कधीचा आहे, तेही सांगा. आणि माझ्यासारखं कुणी जमिनीवर पडलेलं दिसलं, तर उचलून ठेवा. आता नवं वर्ष लागलं, नवं कॅलेंडर आलंय, आणि सगळे पुन्हा त्याच्याकडेच बघतात. मला अजून राग येतो. मग वारा आला, की मी जराशी वळते, माझं बटण त्याला नीट दिसेल अशी.